तेहेतिसावा निरोप

मंजुळा जाधवची नोकरी वाचली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चला. कारण १९८८ सालच्या त्या बुधवारी तिचं बडतर्फीचं पत्र टाइप होऊन कारखान्याच्या साहेबांच्या टेबलावर पडलं होतं. सही पाच वाजता व्हायची होती.

म्हणून सकाळीच ती महाडचे एकमेव खासगी गुप्तहेर भागोजी कदम यांच्या खोलीत आली. त्यांचा मदतनीस काशीराम चहा गाळत होता. आजवरच्या सगळ्या प्रकरणांत त्याने बिनचूक केलेलं काम तेवढंच.

"मी महाडच्या संगणकावरून पोलादपूरच्या गोदामाला निरोप पाठवते, फोनच्या तारेनं," मंजुळा म्हणाली. "'ट्रक निघाला', 'पिंपं येतायत', असे. दुपारनंतर एकही पोचत नाही. ट्रक जातो, तर गोदामाला कुलूप! साहेब म्हणतात, मी पाठवतच नाही."

भागोजींनी तिची वही उलटली. "सोमवारी बत्तीस पोचले, तेहेतिसावा गायब. काल मात्र चाळीसच्या चाळीस?"

"काल शिल्लक मोजायची होती. नुसते प्रश्नच पाठवले. एकेकाला उत्तर आलं."

"कुणीतरी तार कापतंय," काशीराम म्हणाला.

"बत्तीस मोजून? आणि सकाळी परत जोडतो?"

काशीरामला यात काही गैर दिसेना. चोराला शिस्त नसावी असा कुठे नियम आहे?

मंजुळाला संगणकापाशी नेहमीचे निरोप पाठवत बसवून दोघे एस.टी.ने पोलादपूरला गेले. गोदामाच्या दारात राखणदार महिपत होता.

"मशीन तूच बंद करतोस ना?" काशीरामने दरडावलं.

"मी कशाला हात लावू? सकाळी श्रीपत चालू करतो, सांजच्याला बंद. पोरगा देवमाणूस हाय, पण आमचे सहा डबे अडकवून ठेवलेत त्यानं. आमची आवडी कालवण धाडते, डबा काय परत येत नाय. हल्ली माझं कालवण तांब्यात येतं!"

आत श्रीपत होता. मुंबईत कोर्स केलेला; निरोप उतरवून घेणारा प्रोग्राम त्यानेच लिहिलेला. खिडकीत सहा डबे घासून पुसून ओळीने मांडले होते.

"निरोप आल्यावर जागा शोधत बसलं, तर मागचा तारेवरच सांडतो," तो अभिमानाने म्हणाला. "म्हणून सकाळीच मेमरीत बत्तीस खाने मांडून ठेवतो. निरोप खान्यात पडतो, मी वाचतो, त्याच खान्यात उत्तर घालतो, की खाना सुटला."

"आणि हे डबे?"

"आवडीवहिनींचे. गावाहून पोहे आले की देणार."

"हाच चोर!" काशीराम ओरडला. "डबे चोरतो तो निरोपही चोरतो!"

भागोजी दचकले. काशीराम इतका जवळ कधीच पोचला नव्हता.

भागोजींनी बोलावलेले साहेब साडेचारला जीपने आले. खिशात पत्र, हातात पेन.

"श्रीपत," भागोजी म्हणाले, "डबे आजच दे."

श्रीपत दुखावला. "रिकामे? शेजारणीला रिकामं भांडं परत द्यायचं? आई घरात घेणार नाही मला."

"आणि 'ट्रक निघाला' याला उत्तर काय घालतोस?"

"त्याला कसलं उत्तर?"

"मग त्या खान्याचं काय होतं?"

"ठेवून घेतो. प्रोग्राममध्ये तसंच लिहिलंय. रिकामा कसा..." श्रीपत थांबला.

"ऐका, साहेब," भागोजी म्हणाले. "काल सगळे प्रश्न होते. खान्यात उत्तर पडलं, खाना सुटला. सोमवारी नुसत्या बातम्या. बत्तीस खाने अडकले, तेहेतिसाव्याला बसायला पाट उरला नाही. सकाळी मशीन नव्यानं सुरू, खाने नव्यानं मांडलेले. मंजुळा पाठवते, निरोप दारात सांडतो."

"पुरावा?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"आजचे खाने भरलेत. श्रीपत, प्रत्येकात काहीतरी घालून परत कर."

श्रीपतने बत्तीस वेळा 'गूळ' टाइप केलं. तिकडे महाडला मंजुळाच्या पडद्यावर बत्तीस वेळा गूळ उतरला. मग गोदामातल्या पडद्यावर तेहेतिसावा निरोप आला: 'नोकरी राहिली का?'

"हा प्रश्न आहे," श्रीपत आनंदाने म्हणाला. "याला उत्तर देता येईल."

साहेबांनी पत्र फाडलं आणि एका बोटाने स्वतः टाइप केलं: 'राहिली.' जाता जाता त्यांनी हुकूम सोडला, उद्यापासून खाने रिकामेच सोडायचे.

श्रीपतने हुकूम पाळला. मात्र दुसऱ्या दिवशीच्या टपालाने मुख्य कचेरीला अर्ज गेला:

'…सबब, परत जाणाऱ्या प्रत्येक रिकाम्या खान्यासोबत एक, याप्रमाणे दररोज बत्तीस गुळाचे खडे (पहिल्या दिवशी महिपत यांच्या घरचे सहा डबे धरून अडतीस) संगणक विभागास मंजूर व्हावेत, ही नम्र विनंती.'