डाव्या बाजूला, अजून खाली

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट ओळख पटली तर नोकरी जाईल. म्हणून शहराचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदललीत. इजिप्तमध्ये, नाईल नदीच्या दमियात फाट्यावरचं आहे, एवढं पुरे. बाकी सगळं जसं घडलं तसंच सांगते.

आणि रात्र-बित्र काही नव्हती हं. भूत म्हटलं की लोकांना लगेच मध्यरात्र लागते. हे झालं सकाळी अकरा वाजता. १८ मे २०२२, बुधवार. बाहेर धुळीतूनही ऊन.

मी हुवैदा. तेव्हा नर्सिंग शिकत होते. त्या दिवशी माझी रुग्णतपासणीची परीक्षा होती. एकदा नापास झालेली. ही दुसरी आणि शेवटची संधी. यात पुन्हा नापास झाले असते तर कॉलेजातून नाव कमी, आणि बाडबिस्तरा गुंडाळून गावी.

आधी एक गोष्ट समजून घ्या.

छाती तपासताना आमच्याकडे रुग्णाला 'चव्वेचाळीस' म्हणायला लावतात. तो शब्द छातीत घुमतो. पाठीवर तळहात टेकवला की ते घुमणं हाताला कळतं, मोबाईल थरथरावा तसं. वरून खाली यायचं, उजवी-डावी बाजू ताडून बघायची.

जिथे हाताला काहीच लागत नाही... तिथे आत पाणी साचलेलं असू शकतं.

परीक्षेच्या अकरा दिवस आधी आम्हा नऊ मुलींना वॉर्डात सरावाला नेलं होतं. रुग्ण होत्या हज्जा तफीदा. खुब्याचं हाड मोडून आलेल्या म्हाताऱ्या बाई; हज केलेल्या, म्हणून सगळे त्यांना हज्जा म्हणायचे. माझा नंबर शेवटचा.

"आली का नववी?" मला बघून त्या कडाडल्या. "सकाळपासून चव्वेचाळीस, चव्वेचाळीस! नातवंडांची नावं विसरेन एक वेळ, हा आकडा नाही विसरायची. मोबाईलमध्ये भरून घ्या ना माझा आवाज!"

मी हसले. त्यांना जरा पुढे वाकवलं, उजवी बाजू बघितली. डावी वरून बघितली. खाली उशी होती, त्यांना उचलून धरायला हवं होतं. त्या कण्हत होत्या. आमची बस एक वाजता सुटणार होती, आणि एकला दहा कमी होते.

"थोडं खाली बघ गं पोरी," हज्जा म्हणाल्या. "डावीकडे. अजून खाली. तिथे दगड ठेवल्यासारखं वाटतं."

"बघितलं हज्जा. सगळं छान आहे."

नव्हतं बघितलं.

कागदावर लिहून टाकलं: दोन्ही बाजू सारख्या. आधीच्या आठ जणींनीही तेच लिहिलं होतं. मी एकटी वेगळं कशाला लिहू?

मंगळवारी हज्जा गेल्या. छातीत डाव्या बाजूला पाणी झालं होतं म्हणे.

कुणी मला काही विचारलं नाही. मीही कुणाला काही बोलले नाही. जेवण जाईना, एवढंच.

दोन दिवसांनी दुपारी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच सराव करत होते. पाठ कुणाची मिळणार? उशी उभी केली आणि तिच्यावर तळहात टेकवला. वर. मध्ये. खाली...

उशी घुमली.

हात असा झटकला की भिंतीवर आपटला. मग स्वतःलाच शिव्या घातल्या. हुवैदा, पोटात अन्न नाही, झोप नाही, उशी बोलणारच! त्या दिवसापासून मात्र उशी न घेता झोपले.

परीक्षेच्या दिवशी खमसीनचा, वाळवंटातून येणारा गरम वारा सुटला होता. बंद खिडक्यांतूनही धूळ आत येत होती. बाकड्यावर बसल्या होत्या उम्म वजदी, आमच्या कॉलेजात चहा करणाऱ्या. दरवर्षी परीक्षेत रुग्ण म्हणून त्याच बसतात. तब्येत ठणठणीत. माझ्या आधी सव्वीस मुलींनी त्यांना तपासलं होतं, आणि सव्वीस जणींनी एकच उत्तर दिलं होतं.

समोर परीक्षक डॉक्टर इन्शिराह. त्यांच्या नुसत्या खोकण्याने मुली रडायच्या.

"सुरू कर."

मी उम्म वजदींच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणा."

"चव्वेचाळीस."

उजवीकडे छान घुमलं. वर, मध्ये, खाली. जिवात जीव आला.

डावीकडे वर हात ठेवला.

"चव्वेचाळीस."

घुमलं. मी थांबले. उम्म वजदीही थांबल्या, ओठ मिटून.

हाताखालचं घुमणं... थांबलं नाही.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तोंड बंद. खोलीत आवाज फक्त वाऱ्याचा. आणि माझ्या तळहाताखाली कुणीतरी बोलतच होतं. हळूहळू, कुरकुर करत... आणि ते खाली सरकत होतं.

माझा हात त्याच्यामागे गेला. मी नेला नाही, शपथ घेऊन सांगते.

मध्ये... खाली... अजून खाली...

आणि एकदम काहीच नाही.

"म्हणा," मी कशीबशी म्हणाले.

"चव्वेचाळीस."

हाताला काहीच लागेना. भिंतीवर हात ठेवल्यासारखं. गार.

"अगं बाई, हात आहे की बर्फ?" उम्म वजदी किंचाळल्या. "मारतेस का मला?"

"काय आढळलं?" डॉक्टर इन्शिराहनी पेन उचललं.

उत्तर मला ठाऊक होतं. दोन्ही बाजू सारख्या. तीन शब्द, आणि मी पास. समोर धडधाकट बाई बसली होती, तिच्या पाठीत पाणी आहे म्हणणारी मुलगी एक तर वेडी ठरणार, नाहीतर नापास. ते तीन शब्द जिभेवर आलेही होते.

पण एकदा ते लिहून एक बाई गेली होती.

"डावीकडे खाली..." मी म्हणाले. "खाली हाताला काही लागत नाही, डॉक्टर."

उम्म वजदी हसल्या. "घ्या! सव्वीस जणींनी जगवली, सत्ताविसावीने मारली!"

डॉक्टर इन्शिराह हसल्या नाहीत. उठल्या. त्यांनी स्वतःचा तळहात उम्म वजदींच्या पाठीवर ठेवला. डावीकडे खाली. मग उजवीकडे खाली. उजवीकडे तो बराच वेळ थांबला. मग त्यांनी हात काढला आणि नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"जा," त्या म्हणाल्या. "बाहेर थांब."

झालं. गेलं वर्ष. बाहेर भिंतीला टेकून मी ढसाढसा रडले.

पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या. इकडेतिकडे बघितलं.

"तुझी कोण होती?"

"अं?"

"पोरी, वेळ नाहीये. कोण होती?"

मी सगळं सांगून टाकलं. उशी, बस, 'अजून खाली'. त्या मान हलवत ऐकत होत्या.

"तुझं डावं," त्या म्हणाल्या. "माझं उजवं. बोरुल्लस सरोवरावरचा कोळी होता. मी पण न बघताच लिहून टाकलं होतं. सोळा वर्षं झाली."

मी विचारलं, "प्रत्येक पाठीत लागतं?"

"नाही. कधीतरीच. पण कधी ते कळत नाही. म्हणून मी प्रत्येक पाठ दोनदा बघते, आणि तरी छातीचा एक्स-रे फोटो काढायला पाठवते. उम्म वजदीलाही पाठवलंय."

"जातं का हो हे?"

"मार्चमध्ये रिटायर होतेय," त्या म्हणाल्या. "रुग्ण सुटले की सुटतं का, बघू. तेव्हा सांगेन." मग जाता जाता, "आणि पास आहेस. हाताला लागलं ते बोललीस. बाकीच्या काय बोलल्या मी ऐकलंय."

उम्म वजदींचा फोटो स्वच्छ निघाला. बाई अजून चहा करतात, आणि मला बघितलं की छाती धरून मरायचं नाटक करतात.

मार्च आला. निरोपसमारंभाला केक होता, बसबूसा म्हणजे रव्याची मिठाई होती, मुलींचा नुसता गोंधळ. मी आता नर्स होते. डॉक्टर इन्शिराहना निरोपाची मिठी मारायची होती. मारली. गालांचे मुके झाले.

त्यांनी मिठी सोडली नाही.

त्यांचा तळहात माझ्या पाठीवर होता. तो खाली सरकला. उजवीकडे. मग डावीकडे. खाली... अजून खाली...

थांबला.

"म्हण," त्या माझ्या कानात पुटपुटल्या.

त्या गोंगाटात मी म्हणाले, "चव्वेचाळीस."

त्यांनी हात काढून घेतला. ओढणीला पुसला. माझ्याकडे बघेनात.

"डॉक्टर, तुमचं तर उजवं ना?" मी विचारलं. "उजवंच ना? मग डावीकडे का थांबलात?"

"केक खाऊन जा हं पोरी," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या मुलीकडे वळल्या.

त्यानंतर त्यांनी माझा फोन कधीच उचलला नाही.

मी चार वेळा छातीचा फोटो काढलाय. चारही स्वच्छ. दम लागत नाही, खोकला नाही. पण डावीकडे खाली, बरगड्यांशी, आताशा जड वाटतं. स्वतःचा तळहात स्वतःच्या पाठीवर तिथे नीट टेकत नाही, सगळे प्रकार करून बघितले.

वॉर्डात शिकाऊ पोरी येतात. मी त्यांना म्हणते, या, माझ्या पाठीवर सराव करा. त्या येतात, हात ठेवतात, मी आकडा म्हणते.

"सगळं छान आहे, मिस," प्रत्येक पोरगी सांगते.

पाठीवर हात टेकलेला मला कळतो. तिचं लक्ष होतं की नव्हतं, तेवढं कळत नाही.