कळकलेलं पंचामृत

“पिऊ नकोस!” दीपमालानं प्रज्वलच्या हातातली पळी हिसकावली. वाटीतलं पंचामृत हिरवट पडलं होतं.

दिवाळीच्या पाडव्याची सकाळ होती. पूजा उचलली की तिघं सायकलींवर आळंदीला जाणार होती. तिघं म्हणजे तेरा वर्षांची दीपमाला, तिचा धाकटा भाऊ प्रज्वल आणि तिच्या वर्गातला मिहिर. मिहिर दारातच घंटी वाजवत उभा होता.

वाटी स्टीलची होती. तळाशी बाबांचं, म्हणजे दत्तोबांचं, दहा ग्रॅमचं सोन्याचं नाणं होतं. त्यावर शिवकाळातल्या होनाचा छाप होता. चाकणच्या कंपनीत पंचवीस वर्षं प्रेस मशिन चालवल्याबद्दल ते मिळालं आणि महिन्याभरात त्यांची लाइनच बंद होऊन नोकरी गेली. आता नाणं विकून पिठाची गिरणी घ्यायची होती. गिरणीवाला भाऊबीजेपर्यंत थांबायला तयार होता.

नाण्याचं प्लास्टिकचं पाकीट फोडू नका, सोनार भाव पाडतो, असं कंपनीच्या ऑफिसातल्या प्रभाकरकाकांनी अकराही कामगारांना बजावलं होतं. प्रभाकरकाका म्हणजे मिहिरचे बाबा. नाणी आणली त्यांनी, वाटलीही त्यांनीच. पण प्लास्टिकवर कसला अभिषेक, म्हणून शालनबाईंनी, म्हणजे दीपमालाच्या आईनं, पाकीट फोडलं आणि पूजेच्या भांड्यांबरोबर नाणंही चिंच-राखेनं खसाखसा घासलं.

“पितळेत दही कळकतं,” दीपमाला म्हणाली. “सोन्यात नाही.”

प्रज्वलला पटेना. आईचं दहीच आंबट असेल, असं तो म्हणाला आणि पाठीत धपाटा खाऊन आला. मग तिघांनी दोन वाट्यांत ताजं दही घेतलं. एकीत नाणं ठेवलं, दुसरीत आईच्या मंगळसूत्राची वाटी. आळंदी राहिली. दुपारपर्यंत मंगळसूत्राचं दही पांढरं राहिलं, नाण्याचं हिरवं झालं.

“पण आमच्या पूजेच्या ताटातली नाणी तर रात्रभर पंचामृतात आहेत,” मिहिर म्हणाला. “अशीच होनाची. काही झालं नाही त्यांना.”

“किती आहेत?”

“अकरा,” मिहिर म्हणाला.

मग तोच उठला. म्हणाला, चला आमच्या घरी.

लक्ष्मीपूजनाला घरातलं सगळं सोनं मांडायचं, लक्ष्मीपासून लपवलं तर ती रुसते, हा प्रभाकरकाकांच्या घरचा नेम. चोरीचं सोनंही त्यांनी नेमानं मांडलं होतं, आणि पूजा अजून उचलली नव्हती. काकांनी चकल्या पुढे केल्या. गुंतवणूक म्हणून घेतली रे पोरांनो, म्हणाले. काका, ताट हातात धरा, छान फोटो येईल, असं दीपमाला म्हणताच त्यांनी एकेक नाणं छाप दिसेल असं फिरवून ठेवलं.

फोटो मिहिरनं काढला.

संध्याकाळी बाकीची दहा पाकिटं फुटली. दहाही घरांत नाणं घासून दह्यात ठेवलं आणि दही कळकलं. दुसऱ्या दिवशी फोटो आणि अकरा वाट्या घेऊन कामगार चौकीत गेले. प्रभाकरकाकांनी तासाभरात कबुली दिली.

चौकीतल्या साहेबांनी दीपमाला आणि प्रज्वलची पाठ थोपटली. कंपनीच्या मॅनेजरनं टाळ्या वाजवल्या, दोघांना कंपासपेटी दिली. मिहिरचं नाव कुणी काढलं नाही.

“बाबांचं नाणं कधी मिळेल?” दीपमालानं विचारलं.

तो मुद्देमाल आहे बेटा, केस संपली की कोर्ट देईल, असं साहेब म्हणाले. केस कधी संपेल, ते त्यांनी सांगितलं नाही.

तो भाऊबीजेचाच दिवस होता. गिरणी दुसऱ्यानं नेली.

“फोडलंच नसतं पाकीट तर बरं झालं असतं,” शालनबाई म्हणाल्या.

“न्हाई,” दत्तोबा म्हणाले. “पितळ घेऊन सोनाराकडं गेलो असतो, तर चोर मीच ठरलो असतो.”

सोमवारी पहाटे ते चाकणला गेले. त्याच कंपनीच्या फाटकाबाहेर ठेकेदाराकडच्या रोजंदारीसाठी रांग लागली होती. दत्तोबा शेवटी जाऊन उभे राहिले.