बोटबंदीतला पासपोर्ट

ग्रीसच्या लिगारो बेटावर तिसऱ्या दिवशीही बोट आली नाही. मंगळवारी सुटलेला दक्षिण वारा गुरुवार उजाडला तरी थांबायचं नाव घेत नव्हता, आणि बंदर कचेरीच्या दारावर बोटबंदीचा कागद तसाच फडफडत होता.

मे महिन्याचे दहा दिवस उरले होते. हंगामाला अजून अवकाश होता. समुद्रकाठच्या खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या होत्या आणि अतिथीगृहात पाहुणे दोनच होते. एक, पिरेयस बंदराच्या शहरातली खासगी गुप्तहेर स्तामाता व्रेतू. दुसरा तिचा धाकटा दीर पांतेलिस, मालवाहू जहाजांवर तीस वर्षं आचारीपणा करून निवृत्त झालेला.

"या दिवसांत बेटावर शांतता असते म्हणालात ना वहिनी?" मसुराच्या सूपमध्ये चमचा फिरवत पांतेलिस म्हणाला. "ही तुरुंगातली शांतता आहे. तिथे निदान जेवणात बदल असतो."

"तुरुंगात वाऱ्याचा आवाज नसतो भावजी," स्तामाता म्हणाली. तेवढ्यात दार वाजलं.

दारात सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी उभी होती. केस वाऱ्याने विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"मी कोस्तांदिना. डिना म्हणतात मला. देवळामागच्या गल्लीत राहते. तुम्ही हरवलेल्या वस्तू शोधता ना, बाई?"

"चोरलेल्या शोधते. हरवलेल्या आपोआप सापडतात. बस."

डिनाने भराभर सांगितलं. तिला एका मालवाहू जहाजावर तिसऱ्या इंजिनियरची जागा मिळाली होती. जहाज सिंगापूरला उभं होतं. शनिवारी पहाटे अथेन्सहून विमान. उद्या, शुक्रवारी दुपारी वारा पडेल आणि बोट येईल, असं बंदर कचेरी सांगत होती. ती बोट तिला गाठायलाच हवी होती, आणि तिचा पासपोर्ट नाहीसा झाला होता.

"मंगळवारी सूर्य मावळताना मी तो टेबलाच्या खणात पाहिला. बुधवारी सकाळी खण रिकामा. मी पोचले नाही तर कंपनी दुसऱ्याला घेईल. आमच्या वर्गात बेचाळीस पोरं आणि मी एकटी मुलगी होते, बाई. सहा वर्षं घासलीय."

"मंगळवारी रात्री घरात कोण होतं?"

"आई, बाबा. आणि नऊच्या सुमारास सिदेरिस आला होता. बेकरीवाला." तिचे कान लाल झाले. "त्याने मला दोनदा मागणी घातली. मी दोनदा नाही म्हटलं. अख्खी गल्ली म्हणते, त्यानेच घेतला."

"बोट नाही, म्हणजे पासपोर्टही बेटाबाहेर गेलेला नाही," स्तामाता उठली. "भावजी, कोट घाला."

*

सिदेरिस कोपरापर्यंत पिठात बुडालेला होता. दांडगा, भोळ्या चेहऱ्याचा माणूस. स्तामाताला पाहताच त्याने हातातला गोळा परातीत आपटला.

"या! तुम्हीही या! सकाळपासून पाव घ्यायला येणारी प्रत्येक बाई माझे खिसे बघते. अहो, मला चोरायचंच असतं तर पासपोर्ट कशाला, मुलगीच पळवली असती!"

"मंगळवारी कशाला गेला होतास?"

"निरोप घ्यायला. चार शब्द ठरवून गेलो होतो, एकही बोललो नाही. डिना कपडे घडी करत होती, मी तिच्या बुटांकडे बघत बसलो. खणाला हातही लावला नाही." त्याचा आवाज खाली आला. "घरी येऊन रडलो. हो, रडलो. बुधवारच्या पावात मीठ जास्त झालं, विचारा कोणालाही."

"झालं होतं खरं," पांतेलिसने साक्ष दिली.

"हे पाच पाव कोणाचे?" स्तामाताने फळीवरच्या मोठ्या, तीळ लावलेल्या पावांकडे बोट दाखवलं.

"डिनाच्याच नावाचे. आज कोस्तांदिनोस संताचा दिवस ना, म्हणजे तिचा नावाचा सण. संध्याकाळी देवळात नेऊन वाटायचे." सिदेरिस जरा खुलला. "कालिओपीबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे कणीक पाठवली. काल दुपारी. एरवी माझ्या भट्टीला नावं ठेवतात, पाव ओला राहतो म्हणतात. आता त्यांच्या अंगणातल्या भट्टीला भेग पडलीय म्हणे. कशी जिरली!"

*

डिनाचे वडील निकिफोरोस कॉफीच्या दुकानात, बंद खिडकीच्या आत बसले होते. बत्तीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस. कप ते डाव्या हाताने उचलत होते.

"लपवू कशाला? मला पोरीने जायला नकोय," ते म्हणाले. "जहाज म्हणजे काय असतं ते मला विचारा. लोखंडी खोली, आणि दार उघडलं की पाणी. पण चोरी? मी तोंडावर नाही म्हणणारा माणूस आहे. म्हटलंही. तिने ऐकलं नाही. माझ्यावरच गेलीय."

"खांद्याला काय झालं?"

"बंदरात दोरखंड तुटून बसला. उजवा हात छातीच्या वर जात नाही. सोमवारी अख्खी गल्ली सणासाठी भिंतींना चुना लावत होती आणि मी खुर्चीत बसून हुकूम सोडत होतो. बायको म्हणाली, एवढं तरी जमतंय तुम्हाला." ते हसले. "आणि केली ती मेहनत मातीत गेली! मंगळवारी रात्री पाऊस पडला तो आफ्रिकेची लाल माती घेऊन. आता वारा पडेपर्यंत कोणी कुंचला हातात घेणार नाही. वेडा असला तरच घेईल."

पांतेलिस बाहेर पडताना पुटपुटला, "हाच, वहिनी. जायला नको म्हणतो, आणि बाकी सगळं किती गोड बोलला."

"नको म्हणणारा माणूस बरा असतो भावजी. त्याचं काय ते आपल्याला कळलेलं असतं."

*

डिनाच्या घराचं अंगण उंच भिंतींनी बंदिस्त होतं. तिथे वारा कमी लागत होता, पण कोंडल्यासारखं व्हायचं. भिंतींवरून मातीचे तांबूस ओघळ खालपर्यंत आले होते. कालिओपी, डिनाची आई, संत्र्याच्या सालीचा मुरंबा आणि पाण्याचे पेले घेऊन आली. सुबक, चटपटीत बाई. बोलताना हात एका जागी ठरत नव्हते.

"सगळं घर उलटंपालटं केलं हो. गाद्या उसवल्या, पिठाचे डबे रिकामे केले."

"आईने तर माझ्याआधी शोधायला सुरुवात केली," डिना म्हणाली. "मला शिकायला पाठवलं तेही तिनेच. बाबांशी भांडून."

"मग काय, मुलीने माझ्यासारखं भांडी घासत बसायचं?" कालिओपी चटकन म्हणाली आणि पेले सरळ करू लागली.

पांतेलिस भिंतीला पाठ टेकून मुरंबा संपवत होता. आचाऱ्याची नजर कोपऱ्यातल्या भट्टीकडे गेली. घुमटाच्या आकाराची, पुरुषभर उंच, वरपासून खालपर्यंत नीट रंगवलेली. सोललेल्या अंड्यासारखी. पावाचा वास येतोय का बघायला तो जवळ गेला, पण तोंडाशी दगडी पाटी लावलेली होती, कडेने लिंपून वरून चुना फासलेला. तो कोपर टेकवून वाकला.

"तिकडे नको! टेकू नका तिथे!" कालिओपी ओरडलीच. मग सावरून हसली. "कोट खराब होईल तुमचा."

झालाही होता. कोपरावर पांढराशुभ्र चट्टा उमटला होता. कालिओपीने ओलं फडकं आणून तो खसाखसा पुसला. पाठ तांबड्या मातीने भरली होती, तिकडे तिचं लक्षच गेलं नाही.

गल्लीत आल्यावर स्तामाता म्हणाली, "पाठ वळवा बघू. आता कोपर दाखवा."

"वहिनी, मी काय दुकानातला पुतळा आहे?"

ती गल्लीतल्या भिंती बघत शेवटपर्यंत गेली आणि परत आली. तिचा चेहरा उतरला होता. चोर सापडला की तिचा चेहरा असाच होतो, हे पांतेलिसला माहीत होतं. पण चोर कोण, ते अजून त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

*

चार वाजता त्याच अंगणात सगळे जमले. सहाला नावाच्या सणाचे पाहुणे येणार होते. सिदेरिस पावांची पाटी घेऊन दारातच अवघडून उभा होता.

"हा इथे हवाय," स्तामाता म्हणाली. "दोन दिवस गल्ली याच्याकडे बोट दाखवतेय. भावजी, तो कोट काढून टेबलावर टाका."

पांतेलिसने टाकला.

"सकाळी हा कोट स्वच्छ होता. भिंतीला पाठ टेकली तर लाल झाली. भट्टीला कोपर टेकलं तर पांढरं झालं. एकाच अंगणात, वर एकच आकाश. मंगळवारचा लाल पाऊस भिंतींवर पडला आणि भट्टीवर पडला नाही, असं होत नाही. भट्टीवरही पडला. पण त्यानंतर तिला पुन्हा चुना लागला. बोटबंदीत, वाऱ्यात. निकिफोरोस म्हणाले तसं, वेडा असला तरच कोणी तसं करील."

निकिफोरोस भट्टीकडे बघतच राहिले. दोन दिवस समोर असूनही त्यांना ती दिसली नव्हती.

"ही भट्टी भेग पडून निकामी झाली, असं सिदेरिसला सांगितलं. भेग बुजवलीही असेल. पण मी लहानपणी आजोळी भट्ट्या दुरुस्त होताना पाहिल्यात. भेग बुजवली की तोंड उघडं ठेवतात, आतून वाळायला. इथे तोंडच बंद केलंय. वाळण्यासाठी नाही, कोणी आत बघू नये म्हणून."

"मग बाबांनी?" डिनाचा आवाज चिरका झाला.

"घुमट वरपर्यंत सारखा रंगलाय. तुझ्या बाबांचा उजवा हात छातीच्या वर जात नाही, आणि डाव्याने कुंचला इतका सारखा फिरत नाही. सिदेरिस बुधवारी या अंगणात आलाच नाही, आणि आला असता तर तुम्ही त्याला चुना कालवत बसू दिलं असतं? राहिलं कोण?" स्तामाताचा आवाज मऊ झाला. "पाटी लिंपून थांबला असतात तर मला काहीच कळलं नसतं, कालिओपीबाई. पण सणाच्या दिवशी दारात ओल्या गाऱ्याचा करडा डाग तुम्हाला बघवला नाही. डागापुरता चुना लावला, तर बाकीची भट्टी लाल दिसायला लागली. मग अख्खी रंगवली. या बेटावरच्या कुठल्याही बाईने तेच केलं असतं."

बाहेर वारा दारांच्या फटींतून शिट्ट्या घालत होता.

डिनाने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, पाटीच्या कडेत घातला आणि एका झटक्यात पाटी पाडली. आत पावाच्या फडक्यात गुंडाळलेला पासपोर्ट होता. त्याला डागही लागलेला नव्हता.

"जाळला का नाहीस?" तिने आईकडे न बघता विचारलं.

"तुझा फोटो आहे त्यात," कालिओपी म्हणाली.

"आई, तू मला भिंतीत चिणलंस."

"हो." कालिओपी खाली बसली. "शिकवलं तेव्हा वाटलं, पिरेयसला एखाद्या कचेरीत बसशील. तू जहाजच मागितलंस. लोक म्हणतात समुद्र माणसं बुडवतो. तुझे बाबा बुडाले नाहीत. बुडाले असते तर एकदाच रडून मोकळी झाले असते. ते दर वर्षी यायचे आणि दर वर्षी थोडे कमी यायचे. आता कायमचे आलेत, तर कॉफीच्या दुकानात बसतात, कारण या घरात माझ्याशी काय बोलायचं ते त्यांना सुचत नाही. तूही तशीच येशील. मुरंबा खाशील, पाहुण्यासारखं छान म्हणशील." तिने डोळे पुसले. "वारा सुटला तेव्हा वाटलं, देवाने माझी बाजू घेतली. तो पडल्यावर काय करायचं, ते ठरवलंच नव्हतं."

पांतेलिसला निकिफोरोसकडे बघवेना. तीस वर्षांत दोन महिन्यांच्या सुट्टीवर तोही असाच घरी जायचा, पुरत्या दोन पेट्या भरून. त्याची बायको आता नव्हती. तिला कधी विचारलंच नाही, मी थोडा कमी येतो का म्हणून.

सिदेरिसने पावांची पाटी हळूच टेबलावर ठेवली. "मी काही ऐकलं नाही," तो म्हणाला. "पासपोर्ट टेबलामागे पडला होता. गल्लीला मी सांगतो. माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, पण सांगतो."

*

शुक्रवारी वारा पडला. दुपारी बारा चाळीसला बोट लागली आणि वीस मिनिटं थांबली.

डिनाने वडिलांना मिठी मारली, सिदेरिसच्या हातातली पावाची पिशवी घेतली आणि आईसमोरून तशीच शिडी चढली. अर्ध्यावर थांबली. पेटी तिथेच टाकून धावत खाली आली, आईच्या गळ्यात पडली, काहीतरी कानात बोलली आणि पुन्हा वर गेली. काय बोलली ते कोणाला ऐकू आलं नाही. कालिओपीने कोणाला सांगितलंही नाही.

स्तामाताची सुट्टी अजून तीन दिवस होती, म्हणून ती दोघं धक्क्यावरच उभी राहिली. पांतेलिसने आयुष्यभर बोटीच्या कठड्यावरून धक्का लहान होताना पाहिला होता. बोट लहान होताना तो आज पहिल्यांदाच बघत होता, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

माणसं पांगली. निकिफोरोस मात्र हलले नाहीत. डावा हात अजून वर धरलेला, बोट बेटाच्या टोकामागे दिसेनाशी झाली तरी. मग त्यांनी बायकोकडे वळून, अनोळखी बंदरात वाट विचारावी तसं विचारलं,

"कालिओपी, आता काय करायचं असतं?"

तिने त्यांचा हात धरून खाली घेतला.

"घरी जायचं," ती म्हणाली. "कालची भांडी पडलीत."