दोर मेव्हण्यानं धरायचा

मोबाईल खाली ठेवा आणि ऐका. परत सांगणार न्हाय.

राधानगरीच्या डोंगरात माझा शेजारी हुता, जोतीराम. कड्यावरनं दोराला लोंबकळून आग्या मोहोळ उतरवायचा. अठ्ठ्याण्णव साल. चैत्राची अमावस्या, रविवार. त्या कामाला अंधारच लागतो, चांदण्यात माशी अंगावर येती.

मोहोळ उतरवणाऱ्यांच्यात एक रीत. वर दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. सख्ख्या भावाला वाटणी दिसती, मेव्हण्याला भनीचं कुंकू दिसतं. त्यामुळं मी शेजारी असून मला कधी दोर दिला न्हाय.

मेव्हणा गुंडू कागलच्या एमआयडीसीत कामाला. दोन अमावस्या 'येतो, येतो' म्हणून आला न्हवता. एकदा ओव्हरटाइम, एकदा एसटी चुकली. जोत्या पार वैतागलेला. वळीव पडला की पोळी रिकामी, वर्षाचा हंगाम बुडाला. त्या राती पण शेवटच्या एसटीतनं गुंडू उतरला न्हाय.

जोत्याची बायको धोंडूबाई दारात आडवी उभी राहिली. "गुंडू येतो म्हटलाय. त्याच्या हातात दोर न्हाय तर तुम्ही उतरायचं न्हाय."

"तुझा गुंडू आन त्याची एसटी. किती वाट बघू?" म्हणाला आणि एकटाच गेला. दोर जांभळीच्या बुंध्याला बांधला आणि उतरला. हितंच चुकला गडी. मला अजून राग येतो त्याचा.

अकराच्या सुमाराला निम्म्या कड्यावर हुता. धूर दिला, पोळं कापलं, डबा भरला. वर निघणार, तर दोर हातभर खाली घसरला. वर गाठ सुटत हुती… खाली दोनशे फूट. परत घसरला.

आणि थांबला. गच्च.

मग दोर वर जायला लागला. सावकाश…

"गुंड्या? आत्ता सवड घावली व्हय रं?" जोत्या वरडला. दोन महिन्यांचा राग. तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या.



"बोल की…"

वरनं नुसता श्वास. दमलेल्या माणसाचा.

कड्याला हात लागला. वर आला. कुणी न्हाय. जांभळीचा बुंधा मोकळा. दोराचं टोक गवतात पडलेलं…

पहाटे घरी आला तर दारात कागलची माणसं. गुंडू रजा टाकून भनीकडंच निघालता. संध्याकाळी सातला हायवेवर ट्रकनं उडवला. जागेवर गेला.

सातला, पोरांनो.

जोत्यानं मधाचा डबा दारातच ठेवला. "मी त्याला शिव्या घातल्या," एवढंच म्हणत हुता.

दुपारी मयत आणलं. मी हुतो तिथं. उजव्या हाताची मूठ आवळलेली, दवाखान्यात पण कुणाला उघडली न्हवती. धोंडूबाईनं एकेक बोट सोडवलं.

तळवा सोललेला. आणि त्यात रुतलेले… दोराचे धागे.