मागचा पंखा

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. भर दुपारी, आमच्या विमानांच्या कारखान्यात.

मी तिथं मेकॅनिक. बायको रंगकाम करायची.

आमच्या सगळ्या विमानांचा पंखा पुढं, नाकावर. त्यामुळे प्रत्येकाच्या अंगात भिनलेलं... चालू विमानाकडे शेपटीकडूनच जायचं.

मग मालकांनी नवं विमान बनवलं. पंखा मागे. पायलटला समोरचं मोकळं दिसावं म्हणून.

इंजिन चालू होतं, आणि बायको सवयीनं मागून आली.

मी तिला बुटांवरून ओळखलं. बाकी ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"पंखा पुढं घ्या," मी मालकांना हात जोडून म्हणालो.

"अहो, मग अख्खं विमानच नव्यानं बांधावं लागेल. पात्यांना पिवळे पट्टे मारू. फिरताना लांबून दिसतील."

पट्टे मारायला आली माझी पोरगी. आईच्या जागी तीच लागली होती.

इंजिनाचे सगळे प्लग मी स्वतः काढले. ते सुरू होणं शक्यच नव्हतं.

"बाबा, आईपेक्षा सरळ मारते की नाही बघा!"

"तोंड आवर, ब्रश चालव."

ती हसली.

आणि... शेडमधले सगळे आवाज थांबले. कॉम्प्रेसर थरथरत होता, पण ऐकू येत नव्हता.

पातं हललं.

सावकाश... मग इतकं जोरात, की दिसेनासं झालं.

मागच्या माणसाला पंख्याचा वारा लांब फेकतो. पोरगी मात्र पंख्याकडे ओढली जात होती. टाचा फरशीवर घासत. उजवा हात ताणलेला.

मी जागचा हललोच नाही.

पट्टे बघायला आलेले मालक धावले. त्यांनी तिला खांद्यानं धडक दिली. ती भिंतीवर आदळली.

त्यांचा हात कोपरापासून उडाला. रक्त छताच्या पत्र्यापर्यंत गेलं.

पंखा जागच्या जागी थांबला.

दवाखान्यात पोरीचा निखळलेला खांदा बसवला. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझ्या आईची कृपा. तिनंच वाचवलं तुला."

पोरीनं माझा हात बाजूला केला.

"वाचवलं मालकांनी, बाबा."

"मग..."

"ओढत होती ती आई. म्हणत होती, चल ना गं, एकटीला करमत नाही."

पोरीला मी लांब, तिच्या आत्याकडे पाठवलंय. मालकांनी ते विमान मोडीत काढलं.

आता घरात मी एकटाच. कधीकधी भर दुपारीही सगळे आवाज थांबतात... मग कुणीतरी माझा हात धरतं.

मी सोडवून घेतो. दर वेळी जरा उशिरा.

करमत तर मलाही नाही...