आठ नंबर गाडीची लाल वायर

रचून सांगायची असती, तर ही गोष्ट अमावास्येच्या रात्रीची सांगितली असती.

पण हे घडलं भर दुपारी. गेल्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी, एक वाजून दहा मिनिटांनी. भीमेकाठच्या एका साखर कारखान्याच्या वाहन शेडमध्ये. कारखान्याचं नाव सांगत नाही, तिथल्या माणसांना अजून तिथंच नोकरी करायची आहे. पण ज्यांनी बघितलं आणि ज्यांनी ऐकलं, ते सगळे आज हयात आहेत. एकानंही आपलं बोलणं फिरवलेलं नाही.

जिच्या बाबतीत घडलं ती भुवनेश्वरी माझी मावसबहीण. तिनं सांगितलं तसंच लिहिते आहे.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ तिचं छोटं दुकान आहे. गाड्यांमध्ये वायरलेस सेट बसवायचं. दुकान मूळ तिच्या वडिलांचं, चन्नप्पांचं. ते गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाक. तिनं विकलं नाही. दोन वर्षांच्या लेकीला सासूबाईंच्या मांडीवर द्यायची, तिच्या टाळूचा वास एकदा खोल घ्यायची, आणि हत्यारांची पिशवी उचलून निघायची.

वडिलांनी तिला कामाचा एक नियम शिकवला होता.

"लाल वायर थेट बॅटरीला. गाडीच्या किल्लीवर कधीच नाही. गाडी मेली तरी सेट जिवंत राहिला पाहिजे, भुवना."

हा नियम तिनं आयुष्यात एकदाच मोडला होता.

कारखान्यात शेतकी खात्याच्या एकोणीस गाड्या. हंगामात त्या दिवसभर उसाच्या फडातून फिरतात. दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंचीचा ऊस, मोबाइलला रेंज नाही. म्हणून प्रत्येक गाडीत वायरलेस. आणि ड्रायव्हर लोकांची एक रीत. एक हात स्टिअरिंगवर असतो, सारखं बोलता येत नाही. म्हणून माइकचं बटण एकदा दाबलं की अर्थ, मला बोलायचंय, वाट मोकळी करा. दोनदा दाबलं की अर्थ, ऐकलं.

एक टक. दोन टक. बास.

नव्या हंगामासाठी नवे सेट आले होते. अठरा गाड्या झाल्या. शेवटची राहिली आठ नंबर. फोर बाय फोर जीप, नुकताच रंग दिलेली. शेडच्या कोपऱ्यात एकटीच उभी.

"ही शेवटाला का ठेवली, गुंडामामा?" भुवनेश्वरीनं विचारलं.

गुंडा मिस्त्री शेडमधला सगळ्यात जुना माणूस. त्यानं हातातला पाना फडक्याला पुसला. पुसतच राहिला.

"जोतीरामाची गाडी हाय ती. जानेवारीत गेला न्हवं का."

तिला आठवलं. पाटाच्या चारीत जीप कलंडली, ड्रायव्हर गेला. प्यायलेला होता म्हणे. तेव्हा लेक तापानं फणफणली होती, आणि तिनं ती बातमी ऐकून सोडून दिली होती.

"दारूनं गेले ना ते?"

"हळू बोल." गुंडामामानं शेडबाहेर बोट दाखवलं.

लिंबाच्या झाडाखाली एक बाई बसली होती. डोक्यावरून पदर, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. इकडेच बघत होती.

"सारजाबाई. त्याची बायको. दर मंगळवारी येती. अपघाताचा कागुद बदला म्हनती. त्याला दारुडा ठरवला आन् थोरल्या पोरीची सोयरीक मोडली. सायेब भेटत न्हाईत. ती उठत न्हाई."

भुवनेश्वरी जीपमध्ये शिरली.

जुना सेट मार्चमध्येच काढून भंगारात टाकला होता. पण त्याचा माइक डॅशबोर्डच्या आकड्याला तसाच लटकत होता. वेटोळ्यांची वायर खालून कापलेली. कशालाच जोडलेली नाही.

"हा का ठेवलाय?"

"चार वाजता पोचलो तवा त्याचा पाय अडकलेला हुता, आन् ह्यो मुठीत," गुंडामामा म्हणाला. "मूठ सोडवायला दोन गडी लागले. म्या तितं अडकावला. पुन्ना हात लावायची छाती झाली न्हाय."

तिनं डॅशबोर्डचं खालचं झाकण उघडलं. टॉर्च मारला.

आणि तिचा हात तिथंच थांबला...

आत लाल वायर होती. तिच्यावर पिवळी टेप, तीन वेढे, टोक आत दुमडलेलं. तिच्या वडिलांची पद्धत. आता अख्ख्या जिल्ह्यात ती एकटीच तशी गुंडाळते.

वायर बॅटरीकडं जात नव्हती.

किल्लीकडं जात होती.

देशमाने साहेब! दोन वर्षांपूर्वी शेतकी अधिकारी देशमाने साहेब तिच्या डोक्यावर उभे होते. "ड्रायव्हर लोक गाडी बंद करून सेटवर गप्पा हाणतात हो, बॅटऱ्या उतरतात. किल्लीवर घ्या मॅडम. नसेल जमत तर दुसरा माणूस बघतो." लेक तेव्हा पोटात होती, सातवा महिना. तिनं मान खाली घातली होती. आणि हे एकट्या आठ नंबरचं नव्हतं, सगळ्याच गाड्यांचं तसंच केलं होतं. या हंगामात मात्र साहेबांनीच वायर थेट बॅटरीला घ्यायला सांगितलं होतं, कारण न सांगता.

"मामा," तिनं वायर बोटांत धरूनच विचारलं. "त्या दिवशी किल्ली कुठं होती?"

"किल्ली? त्याच्या शर्टाच्या खिशात की. नव्या पोरांना त्योच शिकवायचा, गाडी कलंडली की आदी किल्ली बंद, मग देव. डिझेल पेटतं न्हवं."

"मग सेट तपासला कुणी?"

"सायबांनी. खिशातली किल्ली काडली, लावली, फिरवली. सेट लगीच पेटला. म्हनले, सेट चांगला हाय, ह्यानंच हाक मारली न्हाय. प्यालेला असनार."

भुवनेश्वरीला सगळं दिसलं. सगळंच.

पाय अडकलेला माणूस. त्यानं शहाणपणानं किल्ली बंद केली. खिशात ठेवली, हरवू नये म्हणून. आणि मग तो बटण दाबत राहिला. माणसं पोचली चार वाजता. तोवर तो दाबत राहिला... मेलेल्या सेटचं बटण.

जो तिनंच मारला होता.

टक.

तिनं वर बघितलं.

माइक आकड्यावर होता. हलत नव्हता. पण त्याचं बटण... आत गेलेलं होतं.

कुणीतरी अंगठा ठेवावा तसं. दाबून धरलेलं.

तिच्या डोळ्यांसमोर ते सावकाश बाहेर आलं.

मग पुन्हा आत.

टक.

"मामा..."

गुंडामामा बघतच होता. त्याच्या हातातला पाना खाली पडला.

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून कुणीतरी धावत आलं. निवेदिता, वायरलेसच्या कंट्रोल रूममध्ये बसणारी मुलगी. एका पायात चप्पल नव्हती.

"ताई! आठ नंबर लागला का?"

"नाही. नवा सेट अजून खोक्यात आहे."

"मग माझ्या पडद्यावर आठ नंबर कसा येतोय? एकेक टक येतोय. मी म्हणतेय, बोला आठ, बोला आठ... कुणी बोलतच नाही." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "ताई, त्या दिवशी पण असंच झालं होतं. एक दहाला. एकच टक आला. मी बोला आठ म्हटलं, पुढं काहीच नाही. मला वाटलं राहू दे म्हणाले असतील. मी साहेबांना सांगितलं होतं हो. त्यांनी ते लिहिलंच नाही!"

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काय तमाशा लावलाय?"

देशमाने साहेब. पांढरा शर्ट, कपाळावर गंध. कंट्रोलमध्ये कुणी नाही म्हणून शोधत आले होते.

भुवनेश्वरी जीपमधून उतरली नाही. तिथूनच म्हणाली, "साहेब, जोतीराम हाक मारत होते. गाडी कलंडताना एक टक दिला, मग किल्ली बंद केली, आणि सेट मेला. मी वायर किल्लीवर घेतली. तुम्ही घ्यायला लावली."

"अहो मॅडम, जुनं कशाला उकरताय?"

"सगळ्या गाड्यांचं काम तसंच झालं होतं. मग जोतीराम गेल्यावर या वेळी वायर थेट बॅटरीला घ्या असं गुपचूप कुणी सांगितलं मला? तुम्हीच ना? म्हणजे तुम्हाला कळलं होतं!"

साहेबांनी मान फिरवली. 

"तुम्हाला कळलं होतं," ती पुन्हा म्हणाली. आवाज चढला नाही. तिला इतका राग आला होता की आवाज चढतच नव्हता. "आणि तुम्ही कागदावर दारू लिहिलीत."

"माणूस गेला. आता काय लिहिलंय त्यानं तो परत येणार आहे का?" साहेब म्हणाले.

माइक म्हणाला...

टक.

साहेबांनी ऐकलं. ऐकलंच नाही असं दाखवलं. "काम उरका आणि निघा. पुढच्या वर्षी येऊ नका."

भुवनेश्वरीनं सेट खोक्यातून काढला. एकोणिसावा सेट. या वेळी काम चुकलं नाही. बॉनेट उघडलं. रबराच्या भोकातून लाल वायर ओवली, फ्यूज घातला, थेट बॅटरीच्या टोकाला आवळली. काळी वायर. छतावरचा एरियल. पिवळी टेप, तीन वेढे, टोक आत.

ती काम करत असताना जुन्या माइकचं बटण आत-बाहेर होत राहिलं. सारजाबाई केव्हा उठून शेडमध्ये आली ते कुणालाच कळलं नाही.

"बाय," ती म्हणाली. "ती वायर तुज्या हातची?"

"हो, मावशी."

"मग इतके दिस घास कसा उतरला गं तुजा?"

भुवनेश्वरीनं बॉनेट मिटलं आणि जीपमध्ये जाऊन बसली. 

तपासायला गाडीची किल्ली फिरवली, सेट चालू केला आणि नवा माइक उचलला. एकदा बटण दाबलं. वाट मोकळी करा.

"आठ नंबर गाडीतून बोलतेय. मी भुवनेश्वरी, सेट बसवणारी. सगळ्यांनी ऐका. जोतीराममामा प्यायलेले नव्हते. त्यांनी..."

"बंद करा ते!" साहेबांनी खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवली, उपसून मुठीत धरली.

डॅशबोर्डवरचे दिवे विझले.

सेटचा दिवा जळत राहिला.

लाल वायर थेट बॅटरीला होती.

"त्यांनी हाक मारली होती," ती बोलत राहिली. "चार वाजेपर्यंत मारली. सेट मेला होता, कारण मी काम चुकीचं केलं आणि देशमाने साहेबांनी ते करायला लावलं. जोतीराममामांनी जे शिकवलं तेच केलं. आधी किल्ली बंद केली. त्यांची काहीही चूक नव्हती. ओव्हर."

तिनं बटणावरून अंगठा काढला. माइक मांडीवर ठेवला. हात वर घेतले, सगळ्यांना दिसतील असे.

फक्त सेटची खरखर.

मग एका गाडीतून आलं. टक टक.

ऐकलं.

मग दुसरी. टक टक. तिसरी. कुणी पंपावर होतं, कुणी फडाच्या बांधावर, कुणी पंढरपूर नाक्यावर. एकामागून एक. सारजाबाई पदर तोंडात कोंबून एकेक टक ऐकत उभी होती. निवेदिता बोटांवर मोजत होती.

अठरा गाड्या. अठरा झाले.

आणि मग, हळू, थकलेल्या अंगठ्यानं दाबावं तसं...

टक... टक.

एकोणीस.

जुन्या माइकचं बटण बाहेर आलं आणि तसंच राहिलं.

सारजाबाई जीपजवळ आली. तो माइक आकड्यावरून काढला, दोन्ही तळव्यांत धरला, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा गालाला लावला. मग भुवनेश्वरीच्या ओटीत टाकला.

"ह्यो तू ठिव," ती म्हणाली. "मला त्याचं बोलनं ठावं हाय. तू इसरशील."

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात भुवनेश्वरीनं सहीनिशी लेखी दिलं. निवेदितानं दिलं. गुंडामामानं अंगठा दिला. कारखान्यानं कागद घेतले, पोच दिली, आणि चौकशी आधीच पूर्ण झाली आहे असं कळवलं. देशमाने साहेब त्याच खुर्चीत आहेत. फक्त आठ नंबर गाडीत बसत नाहीत. सारजाबाई अजून दर मंगळवारी लिंबाखाली असते. आता तिच्याशेजारी दोन-चार ड्रायव्हरही बसतात.

जोतीरामच्या कागदावर मात्र अजून तेच लिहिलेलं आहे.

तो माइक भुवनेश्वरीच्या जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटमध्ये, कपाटाच्या खालच्या खणात, लेकीच्या झबल्यात गुंडाळून ठेवलेला आहे. वायर कापलेली. कशालाच जोडलेला नाही.

परवा मंगळवारी दुपारी मी तिच्याकडं होते. पोर नुकतंच झोपलं होतं. आम्ही कुजबुजत जेवत होतो.

खणातून आवाज आला...

टक.

मी वाट बघितली. दुसरा आला नाही.

भुवनेश्वरीनं हातातला घास ताटात ठेवला. खणासमोर जमिनीवर बसली, आणि पोर उठू नये म्हणून अगदी हळू म्हणाली,

"बोला, मामा. वाट मोकळी आहे."

कुणीच बोललं नाही.

मी घड्याळ बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.