सोललेली काडी

पोरांनो, पाणी चढतंय की उतरतंय, हे काठावर बसून कसं ओळखता? पाण्याच्या कडेला काडी खोचता, हो ना? मग जरा शेकोटीजवळ सरका. व्हर्लिनच्या काडीची गोष्ट सांगतो. माझ्या समोरच्याच घरात राहायचा तो.

मे महिन्यातला पहिला शनिवार. आपलं हे केंटकीतलं धरण तुडुंब भरलेलं. पाणी वाळुंजाच्या झुडपांत शिरलं की क्रॅपी मासा काठालगत येतो, होडी लागत नाही. रविवारी चर्चच्या जेवणाला मासे हवे होते, म्हणून व्हर्लिन आणि त्याची बायको नोला उतारावर तंबू ठोकून बसले. ती जागा म्हणजे व्हर्लिनचं गुपित. ठाऊक होती फक्त त्याच्या जुन्या मित्राला, डॉइलला, आणि त्याच्याशी वर्षभर अबोला.

अंधार पडल्यावर नोला पाठ दुखते म्हणून तंबूत जाऊन झोपली. व्हर्लिनने कडेला काडी खोचून गळ टाकला. थोड्या वेळाने बत्ती धरून पाहतो, तर काडी तिथे नाही. वर, कोरड्या गवतात खोचलेली. अर्धी साल सोललेली.

काडी अशी सोलायची खोड डॉइलची.

"डॉइल, बाहेर ये. या वयात लपाछपी शोभत नाही."

त्याने बत्ती झुडपांवर फिरवली.

"मला इथून हुसकायचंय ना तुला? मग बस वाट बघत. मी हलत नाही."

त्याने काडी उपटली, पाण्यात भिरकावली. मासे चांगले लागत होते. परत वळून पाहिलं... काडी तंबूच्या दाराशी. सोललेली. ओली.

आता मात्र त्याने मोबाइल काढून डॉइलच्या घरचा, स्वयंपाकघरातला फोन लावला. उचलायला कोणी नसणार, याची त्याला खात्री होती.

"कोण?" डॉइलचाच आवाज, झोपेतला.

"तू... घरी?"

"रात्रीचा कुठे असणार? वर्षभर बोलला नाहीस, आणि आता हजेरी घेतोस?"

"काडी तू सोललीस."

"कसली काडी? तासाभराचा रस्ता आहे, बाबा."

व्हर्लिनने मान वळवली. तंबूच्या मागे आवाज येत होता. साल सोलल्याचा. सावकाश... लांब...

"व्हर्लिन," डॉइल हळूच म्हणाला, "ते काय वाजतंय?"

फोन खिशात. तंबूत. नोलाचा हात धरला.

"ऊठ. गाडीत चल."

"आणि मासे?"

"राहू दे."

"डॉइलशी पुन्हा भांडलास ना?"

त्याने तिला पुढे घातलं. तंबूमागून चढताना काडी दिसली, आता तिथे खोचलेली. त्याने हात लावला नाही.

त्या रात्री वर डोंगरात पाऊस कोसळला. इथे थेंबही नाही.

सकाळी व्हर्लिन आणि डॉइल दोघं मिळून तिथे गेले. तंबूचं नुसतं टोक पाण्याबाहेर होतं. पाणी तंबूमागच्या काडीला टेकून थांबलं होतं, आणि काडीच्या बुडाशी सालीची एक लांब, हिरवी पट्टी पडली होती.